टोपलीचं झाकण

ताईच्या हाताला गुण होता, हे तिच्या वाईटावर असलेल्यांनीही कबूल केलं असतं. कंबर धरलेली, मान अवघडलेली, गुडघ्यांनी असहकार पुकारलेली माणसं तिच्या घराचा जिना कण्हत चढायची आणि उतरताना शिट्टी वाजवायची. वयानं दुप्पट असलेले म्हातारेही तिला ताईच म्हणायचे. तिचं खरं नाव सांगायची वेळ आली असती तर तिच्या नवऱ्यालाही क्षणभर डोकं खाजवावं लागलं असतं.

मालिश व्हायची पुढच्या खोलीत. मधल्या खोलीत संसार होता: नवरा, लेक चिमी आणि ताईची आई. आणि अगदी मागे, न्हाणीघराला लागून, एक अरुंद बोळ. तिथे कपडे धुण्याचं मशीन, त्याच्या डोक्यावर ड्रायर, शेजारी इस्त्रीचं टेबल आणि टेबलाखाली झाकणाची वेताची टोपली. जे काही घडलं ते त्या बोळात घडलं. भोगलं मात्र दुसरीकडे कुणीतरी.

ड्रायर घेतला तो नाइलाजानं. मालिशवालीच्या घरी दिवसभर टॉवेल लागतात, आणि या घराला ऊन म्हणजे घाईतल्या पाहुण्यासारखं, सकाळी दारातूनच तोंड दाखवून परत. दोरीवरचे टॉवेल वाळायचे नाहीत, नुसते आंबायचे. शेवटी ड्रायर आला आणि कानामागून येऊन तिखट झाला. त्याच्या वेळा सांभाळून घरातल्यांनी आंघोळी करायच्या, असं ठरलं.

आईचं आणि ड्रायरचं जमेल असं कुणाला वाटलं नव्हतं. फोन घ्यायला जाऊन तो बंद करणारी बाई ती. पण या मशीनवर तिनं माया केली. प्रत्येक वेळी कपडे काढले की ती दारातली जाळी ओढून काढायची आणि तिच्यावर साचलेला करडा कापूस बोटांनी गुंडाळून त्याची लांबट वळी करायची. चिमी त्याला उंदीर म्हणायची.

"आजी, आज केवढा उंदीर निघाला?"

"गलेलठ्ठ! तुझ्या बाबाचा स्वेटर खाऊन बसला होता मेला."

मग खिडकीतून हात काढून, भिंतीबाहेर आलेल्या नळीतून गरम हवा नीट येते आहे ना, हेही ती तपासायची. दुकानदारानं मशीन बसवताना हे दोन्ही करायला सांगितलं होतं. सांगितलं ताईला होतं. लक्षात ठेवलं आईनं. ताईला हसू यायचं. म्हणायची, "आई, मशीन आहे ते, घोडा नाही. रोज खरारा करायला नको."

इथवर सगळं गोडीगुलाबीचं होतं. भांडण व्हायचं ते टोपलीवरून.

त्याचं असं होतं, की ताईची खरी करामत म्हणजे गरम टॉवेल. मालिश संपली, तेल अंगात मुरलं, की ती टोपलीचं झाकण उघडून चांगला कढत टॉवेल काढायची आणि पाठीवर पसरायची. पालथा पडलेला माणूस डोळे मिटून "आहाहा" करायचा. त्या आहाहासाठी लोक पुन्हा येतात, असं ताईचं ठाम मत होतं. तेव्हा टॉवेल गरम राहायलाच हवेत. ड्रायर शेवटी शेवटी आतली उष्णता बंद करतो आणि नुसताच फिरत राहतो, कपडे निवावेत म्हणून. ताईच्या लेखी तो निव्वळ वेळेचा नास. "गरम केलेलं गार कशाला करायचं?" असं म्हणत ती मध्येच दार उघडायची, हाताला चटके देणाऱ्या टॉवेलांच्या भराभर घड्या घालायची, टोपलीत गच्च रचायची आणि वर झाकण दाबायची. टोपलीला आतून जुन्या ब्लँकेटचं अस्तर तिनंच शिवलं होतं, ऊब टिकावी म्हणून. हुशारी म्हणजे किती!

आणि आई मागून जाऊन झाकण काढायची. एकेक टॉवेल झटकायची आणि खुर्चीच्या पाठीवर, टेबलाच्या कडेवर, दाराच्या कडीवर मोकळा टाकायची. ताईनं ऐन वेळी टोपलीत हात घालावा तर टॉवेल गारढोण.

"आई! पुन्हा?"

"अगं, किती तापलेत ते. कोंडून नको ठेवूस. वास बघ कसा येतोय, रंगाच्या दुकानासारखा."

"तेलाचा येतोय. तेलाच्या धंद्यात काय अत्तराचा येणार?"

"धुऊनही जात नाही गं ते तेल. चिकट लागतात हाताला."

"तुला सगळंच चिकट लागतं."

त्या सुमाराला ताईनं तेलात जवसाचं तेल मिसळायला सुरुवात केली होती. सांध्यांना चांगलं, असं कुणीतरी सांगितलं होतं आणि गिऱ्हाइकांना ते आवडलंही. रंगाच्या दुकानाचा वास तेव्हापासूनचा. टॉवेल का पसरायचे, हे मात्र आईला धड सांगता यायचं नाही. गरम कापडाची घडी घालून दडपू नये, एवढंच ती म्हणायची. का दडपू नये, विचारलं तर म्हणायची, "नाही दडपू, झालं." आता असल्या उत्तरावर कुणाचं समाधान होणार?

त्या दिवशी सकाळी एक जुनं गिऱ्हाईक आलं होतं, घड्याळजी. खुर्चीत वाकून वाकून त्याच्या पाठीची कमान झालेली. मालिश झाली, ताईनं टॉवेल टाकला, आणि घड्याळजी पालथ्या पालथ्याच म्हणाला, "ताई, आज काही आहाहा झालं नाही बुवा."

गंमतच केली त्यानं. पण ताईला ती झोंबली. तो गेल्यावर ती तरातरा मागे गेली. आई कडीवर टॉवेल अडकवत होती.

"त्या टोपलीला हात लावायचा नाही!" ताई ओरडली. "किती वेळा सांगायचं? माझा धंदा बसवणार आहेस का तू? वय झालं की माणसानं गप एका जागी बसावं. हात लावू नकोस म्हणजे लावू नकोस!"

चिमी दारात उभी राहून बघत होती. आईनं कडीवरचा टॉवेल काढला, त्याची घडी घातली आणि तो टोपलीत ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "नाही लावत हात."

तिनं शब्द पाळला. हेच तर सगळं दुखणं आहे.

दुपारी ताईनं संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी ड्रायर भरला. वेळ नव्हता म्हणून तो फिरत असतानाच उघडला, टोपली काठोकाठ भरली, झाकण दाबलं आणि ती अंथरुणाला खिळलेल्या एका शिक्षिकेच्या घरी मालिशला निघून गेली. नवरा बेकरीत कामावर. घरात आई आणि झोपलेली चिमी. आईनं चिमीच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री केली आणि तीही जरा आडवी झाली.

पुढचं शेजारणीनं सांगितलं. म्हातारी चिमीला काखेत मारून धावत आली, पोरीला तिच्या दारात उभं केलं आणि कुणी अडवायच्या आत परत गेली. न्हाणीघरातल्या बादल्या ती बोळात ओतत होती. जळती टोपली तिनं टेबलाखालून हातानं ओढायचा प्रयत्न केला, आणि त्यात तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. आगीचा बंब आला तोवर बोळ काळाठिक्कर झाला होता. टेबल जळून टोपलीवर कोसळलं होतं. ड्रायरचं दार वितळून लोंबत होतं. स्विचबोर्डाचा गोळा झाला होता, आणि त्या सगळ्या राखेच्या मधोमध, काळी पडलेली, पालथी इस्त्री.

इस्त्री दिसली आणि ताईचं डोकं तिथेच थांबलं. त्याच्या पलीकडे जायची गरजच तिला वाटली नाही.

दवाखान्यात आईच्या हाताला पट्टी बांधत होते तेव्हा तिनं विचारलं, "आई, इस्त्री बंद केली होतीस ना?"

"केली होती की," आई म्हणाली. तिनं अगदी सहज सांगितलं, दूध तापवलं का विचारल्यावर सांगावं तसं.

"नक्की?"

"म्हणजे काय? रोज करते."

घरी आल्यावर ताईनं परत विचारलं. दुसऱ्या दिवशी परत. कधी रागानं, कधी गोडीनं, कधी स्वयंपाक करता करता पाठमोरी. "आठवून बघ ना आई. फोन आला होता का मध्येच? चिमीनं हाक मारली होती का?" आई आठवून बघायची. माणूस सारखं सारखं आठवायला लागला की आठवण उसवते. आधी ती म्हणाली, "केलीच असणार." मग म्हणाली, "नेहमी करते, म्हणजे त्या दिवशीही केली असेल." मग एका संध्याकाळी पट्टीतल्या हाताकडे बघत म्हणाली, "आता नाही गं नक्की सांगता येत."

"बघितलंस?" ताई नवऱ्याला म्हणाली.

नवरा बिचारा कमी बोलणारा. बेकरीच्या भट्टीपुढे उभं राहून त्याच्या तोंडचे शब्दही वाळले होते जणू. पण त्या दिवशी तो बोलला. "आईंना तू आरोपीसारखं काय उभं करतेस? त्यांनी पोरीला बाहेर काढलं, हे या घरात कुणी बोलतच नाहीये."

"काढायची वेळ आणली कुणी?" ताई म्हणाली.

मधल्या खोलीत, पडद्याच्या पलीकडे, आई चिमीला गोष्ट सांगत होती. गोष्ट मध्येच थांबली.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते काही उगीच नाही. आणि संन्याशाची जात अशी, की त्याला सुळावर चढवलं तर तो स्वतःचंच काहीतरी चुकलं असेल म्हणून मान खाली घालतो. समाचाराला लोक यायचे. ताई प्रत्येकाला तेच सांगायची: "निळ्या फ्रॉकला इस्त्री करत असेल, फोन वाजला असेल, गेली असेल तशीच आडवी ठेवून. वयच आहे, काय बोलायचं?" लोक हळहळायचे, चुकचुकायचे आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघायचे. खुर्चीत आई बसलेली असायची. ऐकायची.

ताई वाईट बाई होती असं नाही. ती घाबरली होती. चिमी त्या बोळापासून दोन भिंतींपलीकडे झोपली होती, हे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. डोळ्यांत तेल घालून आईवर पाळत ठेवायची, तर कामाला जायचं कधी? आणि आईच्या भरवशावर पोर सोडायची, तर जीव थाऱ्यावर राहायचा नाही. एवढ्यात आईनंच एक दिवस तो विषय काढला.

"मला कुठेतरी ठेव बाई. मला माझाच भरवसा वाटत नाही. रात्री उठून उठून बटणं बघते मी. पोरीला काही झालं तर?"

ताईनं नको नको म्हटलं. दोनदा म्हटलं. पण छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं तिला, हे कशाला लपवायचं?

वृद्धाश्रम गावाच्या टोकाला होता, स्वच्छ, फिनेलच्या वासाचा. आईला दोन खाटांची खोली मिळाली. दुसऱ्या खाटेवरच्या बाई बहिऱ्या होत्या. निघताना चिमीनं भोकाड पसरलं, "आता उंदीर कोण काढणार?" आईनं तिचा पापा घेतला आणि डाव्या हातानं तिचे केस सारखे केले.

घरी बोळाला चुना लागला, नवा ड्रायर आला, नवं मशीन आलं, नवी टोपली आली. टोपलीला ताईनं परत ब्लँकेटचं अस्तर शिवलं. इस्त्री तेवढी घरात आणायची नाही, असं तिनं ठरवलं. बैल गेला आणि झोपा केला. चिमी चुरगळलेल्या कपड्यांनी शाळेत जायला लागली. टॉवेल मात्र आता कायम कढत असायचे. झाकण काढायला घरात कुणी उरलं नव्हतं. घड्याळजी दर खेपेला आहाहा करायचा.

आश्रमात ताई सुरुवातीला दर सुट्टीला जायची. मग काम वाढलं. काम वाढतंच.

मग एके दिवशी दोन गिऱ्हाइकांनी ऐन वेळी नाही म्हणून कळवलं. सकाळी भरलेली टोपली तशीच राहिली. ताईनं दुपारी जरा पाठ टेकली, चिमीचा अभ्यास घेतला आणि ऊन उतरल्यावर ती कशाला तरी बोळात गेली. तिथे रंगाच्या दुकानाचा वास येत होता.

आधी तिला वाटलं, खाली कुणी दारं रंगवत असेल. मग तिनं झाकण उघडलं. वरचा टॉवेल कोमट होता. तिनं दोन टॉवेल बाजूला करून आत हात घातला आणि चटकन मागे ओढला. सकाळी तिनं ठेवले त्याच्यापेक्षा ते गरम होते. सकाळपासून निवायचे सोडून तापत बसले होते.

मग तिनं टोपली फरफटत पुढच्या खोलीत नेली, लादीवर पालथी केली आणि टॉवेल दोन्ही हातांनी लांब लांब फेकले. अगदी मधला एक टॉवेल घडीच्या रेघेवर तपकिरी पडला होता, करपायला लागलेल्या पावासारखा. त्यातून धुराची बारीकशी वळी निघाली आणि विरली.

घरात इस्त्री नव्हती. आई नव्हती. बोळात सकाळपासून कुणी पाऊलही टाकलं नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तरी ताईला आरसा हवा होता. कुणीतरी नाही म्हणावं, अशी आशा असते माणसाला. तिनं ड्रायरच्या दुकानात फोन लावला. पलीकडून एक कंटाळलेला आवाज आला.

"कपड्यांना तेल लागलेलं असतं का?"

"असतं. पण धुऊन घालते मी."

"धुतलं तरी राहतं ते. असले कपडे ड्रायरमध्ये घालूच नका. घातलेच तर मध्ये उघडायचं नाही, शेवटपर्यंत फिरू द्यायचं. आणि काढल्यावर मोकळे टाकायचे. गरमागरम ढीग करून ठेवला तर आतल्या आत तापत जातो, पेटतो सुद्धा. मशीनचा दोष नाही त्यात."

"मोकळे टाकायचे," ताई म्हणाली.

"हो, पसरून. आणखी काही मदत हवी आहे का?"

"नको," ताई म्हणाली.

नवरा घरी आला तेव्हा खोलीभर टॉवेल पसरलेले होते, खुर्च्यांवर, पलंगावर, दाराच्या कडीवर, आणि मधोमध ताई बसलेली. तिनं त्याला तो करपलेला टॉवेल दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यानं टॉवेल नाकाशी नेला, हातात फिरवला. शिव्या घातल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं.

"आईंना आणायला कधी जायचं?" एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी ताईनं दुपारनंतरची सगळी कामं रद्द केली. बसमध्ये ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. रडायचं नाही, सरळ सांगायचं, पाया पडायचं, सामान बांधायचं. आईची खाट पुढच्या खोलीत घालायची, उजेडात. करपलेला टॉवेल तिनं पिशवीत घेतला होता. पुरावाच म्हणायचा तो.

ती पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आश्रमाच्या बाकीच्या खोल्यांत दिवे लागले होते, आईच्या खोलीत अंधार होता. ताईला वाटलं, आई झोपली. तिनं आत जाऊन दिवा लावला तर आई खाटेवर ताठ बसलेली, शाल लपेटून.

"अंधारात काय बसलीस?"

"मावशी येतात ना लावायला. येतील आता."

"बटण तर हाताशी आहे."

"मी नाही बाई हात लावत बटणांना," आई म्हणाली. "मावशी चांगल्या आहेत. पंखासुद्धा त्याच लावतात."

बहिऱ्या बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ताई आईच्या पायाशी बसली. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. तिनं पिशवीतून टॉवेल काढला आणि आईच्या मांडीवर ठेवला, आणि जसं सुचेल तसं सांगत गेली: टोपली, तेल, वास, दुकानातला माणूस काय म्हणाला, घरात इस्त्रीच नव्हती ते. "तुझी काही चूक नव्हती आई. माझी होती. तू पसरत होतीस तेच बरोबर होतं. मी तुला ओरडले म्हणून तू त्या दिवशी पसरले नाहीस. मी लावली ती आग. ऐकतेस ना? मी."

आईनं सगळं ऐकून घेतलं. भाजलेल्या हाताची कातडी चकचकीत, आकसलेली होती. त्या हातानं तिनं टॉवेलावरचा तपकिरी डाग चाचपला. मग तिनं ताईच्या डोक्यावरून हात फिरवला.

"किती गं जीव लावतेस," ती म्हणाली. "पण आईसाठी खोटं बोलू नये."

"खोटं नाही आई!"

"मला सगळं आठवलंय आता. तेव्हा आठवत नव्हतं ना, तू इतकं विचारायचीस तरी. इथे आल्यावर निवांत बसून बसून आठवलं. चिमीच्या निळ्या फ्रॉकला इस्त्री करत होते. फोन वाजला. मी गेले तशीच, आडवी ठेवून. मला दिसते ती इस्त्री. फ्रॉकची बाही पिवळी पडताना दिसते."

वाक्यं ताईचीच होती. समाचाराला आलेल्या प्रत्येकाला तिनं तीच ऐकवली होती, कोपऱ्यातल्या खुर्चीदेखत.

"आई, निळा फ्रॉक त्या दिवशी चिमीच्या अंगात होता. तू तिला त्याच फ्रॉकात उचलून नेलंस. अजून आहे तो घरी. दाखवू आणून?"

आई थोडी गोंधळली. कपाळाला आठ्या घालून भिंतीकडे बघत राहिली, आणि ताईला वाटलं, आता, आता सुटेल गाठ.

"मग दुसरा असेल," आई म्हणाली. "फ्रॉक कुठला ते जाऊ दे. इस्त्री माझ्या हातची."

"चल घरी. तुला न्यायला आलेय मी. चिमी वाट बघतेय."

चिमीचं नाव काढलं आणि आई मागे सरकली. पाठ भिंतीला टेकेपर्यंत सरकली. "नको. नको गं बाई. पोर आहे घरात. मी आले आणि परत काही राहिलं चालू, तर? मला इथेच राहू दे. इथे मावशी आहेत बघायला. तुला माझी शपथ, परत तो विषय काढू नकोस." तिचा आवाज चढला, आणि ताईला विषय सोडावा लागला. भीती तिनंच पेरली होती. ती आता उपटायला गेली तर आईच हातात येत होती.

तेवढ्यात दार ढकलून मावशी आत आल्या. या आश्रमातल्या मदतनीस, अंगानं आडव्या, घाईत. हातात धुतलेल्या टॉवेलांचा ढीग, हनुवटीपर्यंत. "दिवा लागला वाटतं आज आपोआप! लेक आली म्हणून का?" असं म्हणत त्यांनी तो ढीग आईच्या खाटेवर टाकला. "आत्ताच काढलेत मशीनमधून, गरम आहेत. जरा असू द्या इथे, चादरी घेऊन येते." आणि त्या गेल्यासुद्धा.

आईनं ढिगाकडे पाहिलं. बोलता बोलता, ताईकडे लक्ष असतानाच, तिचे हात पुढे झाले. वरचा टॉवेल तिनं उचलला, हलकेच झटकला आणि खाटेच्या दांडीवर मोकळा टाकला. मग दुसरा, उशीवर. तिसरा पसरताना तिनं तो नाकाशी नेला, वास घेतला आणि स्वतःशीच मान हलवली. हात अगदी पूर्वीसारखे चालत होते, न विचारता, न चुकता. ताई बघत राहिली. तोंडानं काहीही म्हणो, हातांना ठाऊक होतं.

"हेच आई," ती हळूच म्हणाली. "हेच तर सांगतेय मी. हेच बरोबर होतं तुझं."

आईचे हात जागीच थांबले. तिनं हातातल्या टॉवेलाकडे पाहिलं, मग ताईकडे, चोरी पकडलेल्या पोरासारखं. घाईघाईनं तिनं दांडीवरचा टॉवेल काढला, उशीवरचा काढला, सगळ्यांच्या घड्या घातल्या, ढिगावर नीट रचल्या, आणि दोन्ही हात शालीत लपवले.

"नाही हं," ती म्हणाली. "चुकून लागला. नाही लावत हात."

"लाव गं आई," ताई म्हणाली. "लाव ना. मी सांगतेय, लाव."

आईनं हात बाहेर काढले नाहीत. ती दाराकडे बघत बसली, मावशी कधी येतात म्हणून.